एसी किती टनाचा? प्रश्न उष्णतेचा, आणि त्याहून अधिक पाण्याचा

जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल यांनी जाहीर केले की देशातील वातानुकूलन यंत्रांना लवकरच २० ते २८ अंश सेल्सिअसची मर्यादा घालण्यात येईल. म्हणजे रिमोटवर १६ किंवा १८ हा आकडा दिसणारच नाही. तेव्हापासून या बातमीवर वाद चालू आहेत. कोणाला ही नागरिकांच्या खोलीत शिरणारी सत्ता वाटते, कोणाला वीजबचतीचा सोपा मार्ग. त्याआधी १ जानेवारी २०२० पासून तारांकित यंत्र सुरू करताच आपोआप २४ अंशांवर यावे, असा नियम झालेला आहेच. या दोन्ही निर्णयांत चर्चा रिमोटवरच्या आकड्याची आहे. तो आकडा आपण रात्रीतून चार वेळा बदलू शकतो. मात्र दुकानात एकदाच ठरणारा आणि पुढे आठ-दहा वर्षे भिंतीवर टांगून राहणारा जो दुसरा आकडा, म्हणजे यंत्र किती टनाचे, त्याविषयी या साऱ्या गदारोळात मला फारसे काही वाचायला मिळाले नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे: १८ वर एसी लावणाऱ्या अनेकांना १८ अंश तापमान मुळी हवेच नसते. त्यांच्या खोलीत गरजेपेक्षा मोठे यंत्र बसलेले असते, ते हवा झटपट गार करते आणि हवेतले पाणी काढण्याआधीच थांबते. मग अंगाला चिकचिक जाणवते आणि माणूस बटण आणखी खाली दाबतो. हे मी वर्गात शिकवता शिकवता कळलेले नाही. चूक करून कळले आहे.

संशोधनाच्या निमित्ताने मी काही वर्षे वाराणसीत राहते. लंकेत (विद्यापीठाच्या सिंहद्वारासमोरच्या वस्तीचे नाव खरोखरच लंका आहे, येथे येणाऱ्या प्रत्येक मराठी पाहुण्याला हे एकदा सांगावे लागते) वरच्या मजल्यावर बारा फूट बाय बारा फुटांची भाड्याची खोली आहे. डोक्यावर उघडा स्लॅब, पश्चिमेला भिंत आणि त्याच भिंतीत खिडकी. आई अकोल्याहून माझ्याकडे राहायला आली, तेव्हा मे महिन्याच्या एका दुपारी मी एसी घ्यायला गेले. दुकानदाराने खोलीचे माप विचारले, वरचा मजला म्हटल्यावर मान हलवली आणि म्हणाला, "मैडम, बनारस की गर्मी है, दो टन से नीचे सोचिए भी मत." भौतिकशास्त्रातली डॉक्टरेट असलेली मी, एक आकडाही कागदावर न मांडता, दोन टनांचे यंत्र घेऊन घरी आले.

मे आणि जूनचा पूर्वार्ध उत्तम गेला. खोली दहा मिनिटांत गार होई. जुलै लागला आणि आई म्हणू लागली, "अगं, गार आहे, पण ओलं ओलं लागतंय." पापड मऊ पडू लागले, कपाटातल्या पुस्तकांच्या कडांवर बुरशी दिसू लागली, चादर हाताला दमट लागे. आईने आपल्या अनुभवातून उपाय शोधला होता: रिमोट १८ वर आणि अंगावर गोधडी.

या घटनेचा उलगडा करण्याआधी टन या शब्दाकडे वळू. तो यंत्राच्या वजनाशी संबंधित नाही, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण तो बर्फाशी संबंधित आहे, हे विद्यार्थ्यांनाही अनेकदा नवे असते. कृत्रिम शीतकरणापूर्वी थंडावा विकला जाई तो बर्फाच्या लादीच्या रूपाने. १८३३ मध्ये फ्रेडरिक ट्यूडर या बॉस्टनच्या व्यापाऱ्याने अमेरिकेतल्या तळ्यांचा बर्फ जहाजाने कलकत्त्यास पोहोचवला. नंतर यंत्रे आली तेव्हा त्यांची क्षमता ग्राहकाला समजेल अशा मापात सांगणे भाग होते: चोवीस तासांत एक अमेरिकन टन, म्हणजे ९०७ किलो, बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषतो तेवढी उष्णता हे यंत्र काढते. बर्फाचा वितळण्याचा अप्रकट उष्मा किलोमागे ३३४ किलोज्यूल. गुणाकार करून ८६,४०० सेकंदांनी भागा, उत्तर सुमारे ३.५ किलोवॅट येते. म्हणजे माझे दोन टनांचे यंत्र दिवसाला जवळजवळ १,८०० किलो बर्फाइतके काम करण्यास सिद्ध होते, एका १४४ चौरस फुटांच्या खोलीत.

बर्फाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ट्यूडरच्या जहाजाच्या कितीतरी आधी याच गंगाकाठी, अलाहाबादेत, बर्फ तयार केला जात असे. रॉबर्ट बार्कर यांनी १७७५ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याचे वर्णन केले आहे. हिवाळ्याच्या निरभ्र रात्री उथळ खड्ड्यांत गवताचा किंवा तत्सम थर पसरून त्यावर पाण्याने भरलेली मातीची सच्छिद्र पसरट भांडी ठेवत आणि पहाटे त्यांतला बर्फ गोळा करत. भोवतालच्या हवेचे तापमान गोठणबिंदूच्या वर असतानाही हे घडे, कारण पाणी आपली उष्णता आकाशाकडे प्रारणाने टाकत असे आणि थोडे बाष्पीभवनानेही गमावत असे. ज्या उघड्या छताला आपण उन्हाळ्यात दोष देतो तेच छत रात्री आकाशाकडे उष्णता फेकत असते, हे पुढे उपयोगी पडेल.

आता मूळ प्रश्न. खोलीतून काढायची उष्णता दोन प्रकारची असते. एक प्रकट: जी तापमापीवर दिसते. दुसरी अप्रकट: जी हवेतल्या बाष्पात दडलेली असते. एक लिटर पाणी हवेतून काढायचे तर सुमारे २,४५० किलोज्यूल उष्णता काढावी लागते, आणि तसे करताना तापमापीवरचा पारा हलत नाही. एसीचा थर्मोस्टॅट मात्र फक्त पहिलीच उष्णता पाहतो. तापमान आले की त्याच्या लेखी काम संपले.

दुकानात चालणारा ठोकताळा, म्हणजे शंभर-सव्वाशे चौरस फुटांना एक टन, क्षेत्रफळाशिवाय काहीच विचारत नाही. म्हणून शेवटी मी कागद घेतला. विद्यार्थ्यांनी हे गणित आपापल्या खोलीसाठी अवश्य करावे. बारावीच्या पलीकडचे त्यात काही नाही. मे महिन्याची दुपार घेऊ, बाहेर ४२ अंश, आत २६ हवे. छताचे क्षेत्रफळ १३.४ चौरस मीटर. उघड्या काँक्रीट स्लॅबमधून, दोन्ही बाजूंच्या तापमानात एका अंशाचा फरक असला की, चौरस मीटरला सुमारे ३ वॅट उष्णता आत येते. उन्हात तापलेल्या काळपट स्लॅबचा परिणाम असा, की जणू बाहेरची हवाच ६५ अंशांच्या आसपास आहे. फरक ४० अंश. छतातून १,६०० वॅट. पश्चिमेच्या भिंतीतून साधारण ७००. पडदा केवळ आतून असलेल्या पश्चिमेच्या खिडकीतून आणखी ७००. दोन माणसे २३०, पंखा-दिवा-लॅपटॉप २००, फटींतून शिरणारी हवा १५०. बेरीज सुमारे ३,६०० वॅट. हे सारे शिखर एकाच क्षणी येत नाही, कारण स्लॅब तापायला आणि उष्णता आत पोहोचायला काही तास लागतात. तरी सावधपणे सारे एकत्र धरू. उत्तर एक टनाहून किंचित अधिक.

येथे दुकानदाराच्या बाजूने एक मुद्दा मांडणे न्याय्य आहे. यंत्राची छापील क्षमता बाहेर ३५ अंश असताना मोजलेली असते. ४२-४४ अंशांत तीच क्षमता साधारण दहा टक्क्यांच्या घरात उतरते. तेव्हा "बनारस की गर्मी" हा युक्तिवाद पोकळ नाही. पण तो मान्य करूनही गरज सव्वा टनाच्या आतच राहते.

आता हेच गणित जुलैच्या रात्रीसाठी करा, आणि येथेच सगळे पालटते. बाहेर २९ अंश, ऊन नाही. छतातून दीडशे वॅट, भिंतीतून शंभर, माणसांची प्रकट उष्णता दीडशेच्या आत, पंखा आणि फटींची हवा मिळून पाऊणशे. प्रकट उष्णता एकूण ५०० वॅटच्याही खाली. पण गंगेच्या खोऱ्यात पावसाळ्यात दवबिंदू २६ अंशांच्या आसपास असतो. बाहेरच्या प्रत्येक किलो हवेत २१ ग्रॅम पाणी, आणि आत सुखद वाटण्यासाठी हवे ११-१२ ग्रॅम. फटींतून तासाला तीस-बत्तीस किलो हवा येते असे धरले तर तिच्यासोबत ३०० ग्रॅमहून जास्त नको असलेले पाणी येते. दोन माणसांचा श्वास आणि घाम मिळून आणखी सव्वाशे ग्रॅम. अप्रकट उष्णता ३०० वॅट. आठ तासांच्या झोपेत साडेतीन लिटर पाणी काढावे लागेल.

दोन्ही मिळून ८०० वॅट, आणि समोर यंत्र ७,००० वॅटचे! ते तासातली जेमतेम सात मिनिटे चालेल, आणि तीही दोन-तीन तुकड्यांत. कॉम्प्रेसर सुरू झाल्यावर कॉइल थंड व्हायला वेळ लागतो, मग तिच्या पातळ पत्र्यांवर थेंब जमतात, आणि पत्रे पुरते ओले झाल्यावरच पाणी ओघळून नळीवाटे बाहेर पडते. त्याआधीच थर्मोस्टॅट कॉम्प्रेसर बंद करतो. आतला पंखा मात्र फिरतच राहतो आणि कॉइलवर साचलेले पाणी पुन्हा खोलीतच वाळवतो. फ्लोरिडाच्या सौरऊर्जा केंद्रात शाइरी, हेंडरसन आणि रॉस्टाड यांनी हा परिणाम बारकाईने मोजला आणि २००६ मध्ये त्याचा सविस्तर अहवाल दिला. दमट प्रदेशातल्या अमेरिकी अभियंत्यांना ही जुनी डोकेदुखी आहे. मुळात १९०२ मध्ये विलिस कॅरिअर यांनी ब्रुकलिनच्या छापखान्यासाठी जी व्यवस्था आखली, ती माणसांना गारवा देण्यासाठी नव्हती. दमट हवेने कागद फुगत आणि रंग सरकत होते, म्हणून हवेतले पाणी आटोक्यात आणायचे होते.

मी आमच्या यंत्राच्या नळीखाली रात्रभर बादली ठेवली. २६ अंशांवर सकाळी लिटरभरही पाणी नव्हते. दुसऱ्या रात्री आईच्या पद्धतीने १८ वर ठेवले, तेव्हा बादली कितीतरी भरली. म्हणजे आईचे बरोबरच होते! १८ वर यंत्र थांबतच नाही, म्हणून पाणी काढते. तिने गोधडी घेऊन, विजेचे बिल वाढवून, दुकानदाराची आणि माझी चूक दुरुस्त केली होती. उद्या २० अंशांचा नियम लागू झाला तर अशा घरांत काय होईल? दोन अंशांनी वीज वाचेल हे खरे, पण ओल कायम राहील. या नियमाला माझा विरोध नाही, पण तो चुकीच्या आकड्याला हात घालतो आहे.

"आता सगळे इन्व्हर्टर एसी आहेत, ते गरजेप्रमाणे वेग कमी करतात," असा प्रतिसाद येईल हे मला ठाऊक आहे. तो अर्धा बरोबर आहे. वेग कमी करण्यालाही खालची मर्यादा असते. दोन टनांचे यंत्र बहुधा दीड-दोन किलोवॅटच्या खाली उतरू शकत नाही, आणि गरज आहे ०.८ ची. म्हणजे तेही थांबत-थांबतच चालते. शिवाय अगदी मंद गतीवर कॉइल तितकीशी थंड राहत नाही. तिचे तापमान दवबिंदूजवळ चढले की ती हवा गार करते, पण पाणी सोडवत नाही. लहान इन्व्हर्टर उत्तमच. मोठा इन्व्हर्टर ही चूक झाकणारी सोय आहे.

खरेदीचा महिना हाही दोषी आहे. आपण एसी घेतो लू वाहत असताना. त्या कोरड्या हवेत मोठ्या यंत्राचा दोष दिसतच नाही, उलट ते शूर वाटते. मे महिन्यात ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असताना ओले फडके गुंडाळलेल्या तापमापीचे तापमान २१-२२ अंश असते. म्हणून वाळ्याच्या ताट्या आणि कूलर अकोल्यात चालतात तसे काशीतही उत्तम चालतात. जुलैत ३३ अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेला तेच तापमान २९ पर्यंत चढते आणि कूलर निव्वळ बाष्प फेकणारा पंखा होतो. तेव्हा बनारस, अकोला, नागपूर या पट्ट्यात एसीचे खरे काम जुलै ते सप्टेंबरमधले आहे. त्या महिन्यांसाठी पाऊण ते एक टनाचे यंत्र घ्यावे आणि मेच्या दोन-चार भीषण दुपारी त्याला थोडे धापू द्यावे, हे माझे स्पष्ट मत आहे. सलग चालणारे लहान यंत्र दुबळे नसते. त्याला तसेच चालायचे असते.

आणि यंत्राआधी छत. आमच्या स्लॅबला चुना मारल्यावर ऊन बरेचसे परतू लागले; छतातून येणारी उष्णता गणिताने १,६०० वरून १,००० वॅटवर येते. पांढरा रंग रात्रीच्या प्रारणाला आड येत नाही, त्यामुळे अलाहाबादच्या त्या मातीच्या भांड्यांचा लाभही छताला मिळत राहतो. खिडकीला बाहेरून बांबूची चटई टांगली की आणखी ५०० वॅट कमी. आतल्या जाड पडद्याने हे होत नाही, कारण ऊन काचेतून आत आलेले असते. एवढ्यावर दुपारची गरज ३,६०० वरून अडीच हजारांच्या आत येते आणि सव्वा टनाची जागा पाऊण टनाला मिळते. २०१८ च्या इको-निवास संहितेत छतासाठी मर्यादा आहे चौरस मीटरला, दर अंशामागे, १.२ वॅटची. आपला उघडा स्लॅब ३ च्या घरात. पण संहिता ५०० चौरस मीटर व त्यापुढील भूखंडांवरच्या इमारतींना उद्देशून आहे, आणि तीही राज्यांनी स्वीकारली तर. लंकेतल्या विद्यार्थ्यांच्या खोल्यांचा त्यात समावेश होत नाही.

उष्णता नाहीशी होत नाही, हे सांगायला नको. एक टनाचे यंत्र पूर्ण क्षमतेने चालताना खोलीतले साडेतीन किलोवॅट आणि स्वतःची किलोवॅटभर वीज, असे साडेचार किलोवॅट बाहेर टाकते. दुर्गाघाट, ब्रह्माघाट या जुन्या मराठी वस्तीच्या गल्ल्यांत दोन माणसे खांद्याला खांदा लावून जेमतेम जातात. जाड भिंती, मधला चौक आणि सावली यांच्या बळावर तिथली घरे दुपार सोसतात. त्या गल्लीत चार यंत्रांची तोंडे उघडली की ज्याच्याकडे एसी नाही त्याच्या खिडकीवर ती उष्णता आदळते. तिथे गरजेपेक्षा मोठे यंत्र लावणे हा खासगी उधळेपणा राहत नाही.

मार्च २०१९ च्या राष्ट्रीय शीतकरण कृती आराखड्याने २०३७-३८ पर्यंत शीतकरणाची मागणी २० ते २५ टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. ते गाठायचे तर रिमोटपेक्षा दुकानाच्या काउंटरवर लक्ष द्यावे लागेल. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे तारांकन वर्षाला १,६०० तासांचा वापर आणि २४ ते ४३ अंशांची बाहेरची तापमाने धरून काढले जाते. यंत्र तासाला किती पाणी काढते, आणि कमीत कमी किती क्षमतेवर न थांबता चालू शकते, हे दोन आकडे त्या पट्टीवर ठळकपणे छापावेत. विक्रेत्याने बिलासोबत खोलीच्या उष्णताभाराचे एक पान द्यावे. डॉक्टर तपासल्याशिवाय औषधाची मात्रा ठरवत नाही, तितकी साधी अपेक्षा आहे ही. आणि पाऊण टनाची यंत्रे बाजारात आहेत, पण मागितल्याशिवाय दाखवत नाहीत. ती दर्शनी भागात ठेवली तरी बरेच होईल.

आमचे दोन टनांचे यंत्र मी तोट्यात विकले. आता एक टनाचा इन्व्हर्टर आहे, २६ अंशांवर, सोबत छताचा पंखा मंद. गेल्या जुलैत बादलीत रात्रीचे तीन लिटरच्या वर पाणी भरत होते आणि गोधडी पेटीत गेली. ते पाणी आई तुळशीला घालते. चुन्याचा खर्च कोणी करायचा यावर घरमालकांचे आणि माझे अजून एकमत झालेले नाही. त्यांच्या मते छत त्यांचे असले तरी उकाडा माझा आहे.